सांभाळायला बाई ठेवायची आहे? आधी घराचे तास मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरात म्हातारं माणूस एकटं पडलं की पहिला फोन ओळखीच्या घरी जातो: "सांभाळायला कुणी बाई मिळंल काय बघ की." बाई मिळतेही. दोन महिन्यांनी ती सोडून जाते आणि मग "बाई टिकत नाहीत" असं सगळे म्हणतात. पण बहुतेक घरांत बाई वाईट नसते. काम काय, किती तास, रात्री कोण उठणार, ती गावाला गेली तर कोण येणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. हे सगळं बाई शोधण्याआधी ठरवायचं असतं, म्हणून सुरुवात वहीपासून.

इथं बोलतोय ते वैद्यकीय नसलेल्या मदतीबद्दल: उठवणं-बसवणं, आंघोळ, संडासला नेणं, जेवण, कपडे, घरातली सोबत, बाहेरची लहान कामं. सुई टोचणं, लघवीची नळी बदलणं, नाकातल्या नळीतून जेवण देणं, खोल जखमेची पट्टी करणं ही शिकलेल्या नर्सची कामं आहेत. मदतीला ठेवलेल्या बाईला ती सांगू नयेत, अगदी तिनं "मला येतंय" म्हटलं तरी. घरात अशी गरज असेल तर नर्स त्या वेळेपुरती येऊन जावी आणि बाकीचा दिवस मदतनीस बाईनं बघावा. खर्चालाही हे जास्त परवडतं.

तीन दिवसांची वही

शाळेची दोनशे पानी वही घ्या. तीन दिवस, म्हणजे दोन साधे आणि एक रविवार, चोवीस तासांची नोंद ठेवा. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, काय लागलं, किती मिनिटं गेली, हात लावावा लागला की नुसतं लक्ष ठेवलं. रात्रीचं लिहायला विसरू नका. दिवस कसाही निभावतो, बाई सोडून जाते ती बहुधा रात्रीमुळे.

उदाहरणार्थ, एका वहीत असं दिसेल: सकाळी ६.३० उठवून बसवलं, १० मिनिटं. ६.४५ संडास, २० मिनिटं. ७.३० चहा आणि गोळी. ९ ला आंघोळ व कपडे, ४० मिनिटं. १० ला नाश्ता, २५ मिनिटं. १ ला जेवण, ४० मिनिटं. दिवसभरात आणखी चारदा लघवीला नेणं, प्रत्येक वेळी १० मिनिटं. रात्री ८ ला जेवण, ९ ला अंथरूण. बेरीज केली तर हात लावायचं काम तीन-साडेतीन तासांचंच भरतं. पण ते साडेचौदा तासांत विखुरलेलं असतं. "तीन तासांचं तर काम" म्हणून कमी पैसे सांगणारी घरं हेच विसरतात. बाईचा दिवस अडकतो तो साडेचौदा तासांचा.

वहीवरून प्रकार ठरतो. काम सकाळ-संध्याकाळच असेल आणि मधे माणूस स्वतः उठून पाणी घेऊ शकत असेल, तर सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ अशा दोन फेऱ्या पुरतात. दिवसा एकटं सोडता येत नसेल, चुलीवर दूध ठेवून विसरणं, दार उघडून बाहेर जाणं सुरू झालं असेल, तर पूर्ण दिवसपाळी लागते. रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागत असेल तर दिवसा काम केलेल्या बाईवरच रात्र टाकू नका. तिला सलग सात तास झोप मिळाली नाही तर आठ-दहा दिवसांत तिचा तोल सुटतो, आवाज चढतो, आणि आंघोळ घालताना हात निसटतो. रात्रीसाठी वेगळं माणूस, नाहीतर आठवड्यातल्या ठरावीक रात्री घरच्यांनी.

"चोवीस तास राहणारी बाई" हा शब्द सोपा आहे. कुणीही चोवीस तास काम करत नाही. घरात राहणारी असली तरी तिची झोप, दुपारचे दोन तास आणि आठवड्याची एक सुट्टी वहीतच बसवा.

बाई की माणूस, आणि कुठं शोधायचं

आजोबांचं वजन ७५ किलो आणि येणारी मावशी ४५ किलोची असेल, तर पहिल्याच आठवड्यात तिची कंबर जाईल. उठवायला दोन माणसं लागतात, नाहीतर पुरुष मदतनीस बघावा लागतो. पुरुष कमी मिळतात. हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून काम केलेले सकाळच्या आंघोळीपुरते यायला तयार होतात, आणि बाकीचा दिवस बाईनं बघायचा ही जोडी चांगली चालते. पुष्कळ आजोबांना परक्या बाईकडून आंघोळ करून घ्यायला संकोच वाटतो. हा संकोच हट्ट नव्हे, तो आधी विचारून घ्या.

शोधायच्या जागा: गल्लीतलं महिला मंडळ, गावातला स्त्री शक्ती संघ (बायकांचा बचत गट), आशा कार्यकर्ती (तिला घरोघरची माहिती असते), हॉस्पिटलबाहेर पेशंटसोबत राहणाऱ्या बायका, आणि मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिराती. शहरात नर्सिंग ब्युरोही आहेत. ब्युरोकडून घेताना तीन गोष्टी विचारा: महिन्याच्या रकमेतले बाईच्या हाती किती जातात, ती आली नाही तर बदली किती तासांत मिळते, आणि त्याच बाईला पुढं थेट ठेवलं तर काय अट. पहिल्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. ज्या बाईच्या हाती निम्मेच पैसे पडतात ती चार पैसे जास्त मिळाले की उठून जाणारच.

सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या, शिनोळीच्या बाजूच्या बायकाही बेळगावात कामाला येतात. येण्या-जाण्याचा हिशोब आधी करा, कारण सीमेमुळे तो दोन प्रकारचा होतो. कर्नाटकचा पत्ता असलेल्या आधारकार्डावर शक्ती योजनेखाली कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. महाराष्ट्राचा पत्ता असेल तर ही सवलत मिळत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. म्हणजे खानापूरकडून येणारीला गाडीखर्च जवळजवळ शून्य, आणि तेवढ्याच लांबून शिनोळीकडून येणारीला महिन्याला तो बराच पडतो. तो पगारात धरला नाही तर पावसाळ्यात खाडे सुरू होतात.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

अनुभव किती वर्षांचा, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे: "आज्जींना खुर्चीवरनं कसं उठवशीला, करून दाखवता काय?" काखेत हात घालून ओढत असतील तर शिकवावं लागेल, एवढंच समजा, नाकारायचं कारण नव्हे. "आंघोळीला नको म्हटल्या तर काय करशीला?" यावर "करायला लावीन" म्हणणारीपेक्षा "थोड्या वेळानं परत विचारीन" म्हणणारी बरी.

भाषा. म्हातारपणी विसराळूपणा आला की माणूस आईच्या भाषेकडं परत जातो. आयुष्यभर कोर्टात, कचेरीत कानडी बोललेले आजोबासुद्धा रात्री पाणी मराठीतच मागतात. म्हणून बाईला मराठी समजणं पहिल्या क्रमांकावर. बोलायला मोडकं चालेल. मात्र वाचायचं कोणत्या लिपीत येतं ते वेगळं विचारा. अनेक जणी मराठी अस्खलित बोलतात पण शिकलेल्या असतात कानडी शाळेत. त्यांच्यासाठी गोळ्यांचा कागद देवनागरीत लिहून काय उपयोग? दोन्ही लिपींत लिहा, नाहीतर सकाळला सूर्य, दुपारला ताट, रात्रीला चंद्र काढा.

स्वयंपाक. तिच्या घरी मांस-मासे चालत नसतील आणि तुमच्या घरी बुधवार-रविवार मटण शिजत असेल, तर हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. चुलीपाशी जायला ती तयार आहे का, भांडी घासेल का, की फक्त शाकाहारी स्वयंपाक करेल? न विचारता गृहीत धरलं की तिसऱ्या दिवशी ती कारण न सांगता येत नाही. आणि उलट बाजूही: तिची जात विचारून वेगळा कप, वेगळं ताट ठेवणारी घरं अजून आहेत. जी बाई आपल्या आईचं अंग धुते तिला वेगळा कप देऊ नये. म्हातारी माणसं हट्ट धरत असतील तर घरच्यांनी त्यांच्याशी बोलावं, बाईला त्यात ओढू नये.

निपाणी भागात आणखी एक प्रश्न येतो. आज्जी झोपल्यावर बिड्या वळत बसू का, असं बाई विचारेल. तिच्या घरच्या कमाईचा तो भाग असतो, त्यामुळे मागणी रास्त आहे. पण दमा किंवा खोकला असलेल्या माणसाच्या खोलीत तंबाखूची धूळ नको. सोप्यात किंवा पडवीत बसायची मुभा द्या, हात साबणानं धुऊनच पुन्हा आज्जींजवळ, असं ठरवा.

कागद, पगार, उचल

एका पानाचा करार पुरतो. मराठीत लिहा, तिला कानडी सोपं असेल तर कानडीतही. वाचून दाखवा, दोघांची सही किंवा अंगठा घ्या, एक प्रत तिला द्या. त्यात एवढं हवं: येण्या-जाण्याची वेळ, करायची कामं, नावं घेऊन, न करायची कामं, तीही नावं घेऊन, पगार आणि तारीख, सुट्ट्या, चहा-जेवण कुणाचं, उचल किती, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, दोन्ही बाजूंनी.

न करायच्या कामांची यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथंच घरं बिघडतात. आज्जींसाठी आलेल्या बाईला महिन्याभरात सुनेचे कपडे, पाहुण्यांची भांडी, अंगणाचा सडा सांगितला जातो. प्रत्येक काम दहा मिनिटांचं म्हणून कुणाला काही वाटत नाही. नळाला पाणी रोज न येणाऱ्या भागात पाणी भरणं हे तर स्वतंत्र काम आहे. पाणी पहाटे येत असेल तर ते कोण भरणार ते करारात लिहा. जास्तीचं काम हवं असेल तर जास्तीचे पैसे द्या.

पगाराचा आकडा आम्ही देत नाही, कारण बेळगाव शहरातल्या टिळकवाडीचा दर अथणीला लागत नाही. काढायची रीत अशी: आपल्याच भागातल्या तीन घरांतले दर विचारा. कर्नाटकात घरकामाचा किमान वेतनाच्या यादीत समावेश आहे आणि महागाई भत्त्याप्रमाणे दर दरवर्षी १ एप्रिलला बदलतात; चालू दर कामगार खात्याच्या कार्यालयात बघा आणि त्याखाली जाऊ नका. हा दर आठ तासांचा धरला जातो. बारा तासांची पाळी असेल तर आठ तासांच्या रकमेच्या दीडपटीखाली बोलणीच करू नयेत, असं आमचं मत आहे. महिन्यात २६ दिवस कामाचे, चार सुट्ट्या पगारी. दिवाळीला एक पगार देण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. ती पाळणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे उचल मागायचं प्रमाण कमी होतं.

उचलीबद्दल स्पष्ट राहा. लग्न, शाळेची फी, गावची जत्रा यासाठी उचल मागितली जाणारच. एका पगारापेक्षा जास्त एकदम देऊ नका, आणि फेड तीन-चार हप्त्यांत, वहीत लिहून. मोठी उचल दिली की बाई बांधली जाते असं वाटतं, पण होतं उलटं. फिटणार नाही असं दिसलं की तिला तोंड दाखवायची लाज वाटते आणि ती येणंच बंद करते. पैसे फोनवरून पाठवा किंवा रोख देऊन वहीत सही घ्या. रोखच हवे असतील तर हरकत नाही, सही मात्र प्रत्येक महिन्याला.

ओळखीचे कागद: आधारची प्रत, फोटो, तिच्या घरच्या एका माणसाचा नंबर, आधीच्या एका घराचा नंबर. कर्नाटकात घरकामगाराच्या पोलीस पडताळणीसाठी सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो. स्वतः जमत नसेल तर शहरात 'कर्नाटक वन' आणि गावात 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रांवर चौकशी करा. चंदगडकडची बाई असेल तर तिच्या गावच्या पोलीस पाटलांकडेही विचारता येतं. हे सगळं तिला सांगून करा. सोनं आणि मालमत्तेचे कागद बँकेच्या लॉकरात ठेवा, तेही ती येण्याआधी. नंतर वस्तू सापडेना झाली की पहिला संशय तिच्यावर जातो, आणि बहुतेक वेळा ती वस्तू आज्जींनी स्वतःच डब्यात ठेवलेली निघते.

पहिले सात दिवस

हे दिवस पूर्ण पगारी, आणि घरचं एक माणूस हजर. पुण्याहून आलेला मुलगा बाईला किल्ली देऊन त्याच रात्री परत गेला, तर ती व्यवस्था टिकत नाही. पहिल्या दिवशी बाईनं फक्त बघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून. चौथ्यापासून तिनं करायचं, घरच्यांनी बाजूला बसायचं. सहाव्या दिवशी दोन तास बाहेर जाऊन या.

काही गोष्टी हातानं करून दाखवाव्याच लागतात.

खुर्चीवरून उठवणं: माणसाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढं सरकवा. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं. "आज्जी, पाय मागं घ्या, पुढं वाका, उठूया काय?" नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत वाकलं की ढुंगण आपोआप हलकं होतं. बाईनं समोर उभं राहून आपल्या गुडघ्यानं त्यांचा गुडघा अडवायचा आणि कमरेला बांधलेल्या रुंद कापडी पट्ट्याला धरायचं. काखेत हात घालून ओढलं की म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो, आणि हात घसरला की दोघंही पडतात.

आंघोळ: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बंबाचं किंवा गिझरचं कडक पाणी आधी ओतून "विसण नंतर घालू" म्हणण्यात भाजण्याचे प्रकार होतात, कारण म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो. कोपरानं तपासायचं. बसूनच आंघोळ, पाठ असलेल्या, पायांना रबरी बुच असलेल्या मजबूत स्टुलावर, प्लास्टिकच्या नव्हे. टॉवेल आणि कपडे आधी हाताशी. कपडे शोधायला गेलं की माणूस एकटं राहतं, तिथंच पडणं होतं.

जेवण: ताठ बसवून, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं नाही. जोंधळ्याची भाकरी सुकी देऊ नका, ती तोंडात भुगा होते आणि श्वासनलिकेकडे जाते. आमटीत किंवा दुधात पूर्ण भिजवून कुस्करा. नाचणीची आंबील चांगली, पण पातळ पाण्यासारखी घेताना ठसका लागत असेल तर जरा घट्ट करा, आणि ठसका वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा. एका घासानंतर गिळलं का बघून दुसरा. पाण्याचं प्रमाण लिहून ठेवा. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं स्वतःहून पाणी कमी करतात. मार्च ते मे या दिवसांत, त्यातही अथणी-रायबागच्या उन्हात, त्यातूनच चक्कर आणि गोंधळलेपण येतं. डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवायला सांगितलेल्या माणसांना हा नियम लागत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायची. कंबर, टाच, खुबा रोज उघडून बघायचं. लाल डाग बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू होतेय. त्याच दिवशी कळवायचं.

गोळ्या: आठवड्याचा डबा घरच्या माणसानं रविवारी भरायचा, दिवसाचे चार खण. बाईनं फक्त खण उघडून द्यायचा आणि वहीत खूण करायची. नवीन गोळी, अर्धी गोळी, "आज ताप वाटतोय म्हणून एक जास्त" हे निर्णय तिच्यावर टाकू नका.

घर आधी सुधारा, मग बाईला दोष द्या

जुन्या घरांत न्हाणी मागं, संडास त्याहून मागं, मधे परसू आणि दगडी फरशी. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. आठवड्यातून एकदा ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासा, आणि जूनच्या आधी जाण्यायेण्याच्या वाटेवर खरबरीत पट्टी मारून घ्या.

आधाराची नळी भिंतीत बसवताना गवंड्याला भिंत कशाची ते सांगा. मातीच्या किंवा जुन्या चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकची गुल्ली धरत नाही. माणूस वजन टाकतो आणि नळी हातात येते. तिथं आरपार बोल्ट, नाहीतर जमिनीत रोवलेला उभा खांब. उंची साधारण ३३ ते ३६ इंच, पण त्या माणसाला उभं करून त्याच्या मनगटाजवळ येते का बघा. कमोडची बैठक १७ ते १९ इंच. पलंग इतका की कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील.

उंबऱ्याला उतार करायचा तर एक इंचाला एक फूट. चार इंचांच्या उंबऱ्याला चार फूट लांबी लागते. दोन फुटांत बसवला तर चाकाची खुर्ची मागं घसरते. चाकाची खुर्ची घेण्याआधी दार मोजा. साधी खुर्ची २४ ते २६ इंच रुंद असते आणि जुन्या न्हाणीचं दार पुष्कळदा तेवढंही नसतं. वीज गेली तर उजेड राहील असा चार्जिंगचा दिवा पलंग ते संडास या वाटेवर दोन ठिकाणी. पावसाळ्यात खानापूर भागात रात्री वीज जाते तेव्हाच माणूस चाचपडत उठतो.

सुट्ट्यांचा कॅलेंडर आणि जोडीची बाई

ही व्यवस्था बहुतेक वेळा याच जागी मोडते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारीतच खुणा करा. जुलैत भाताची रोप लावणी, नोव्हेंबरात सुगी: खानापूर-बेळगाव तालुक्यातल्या बाईला घरच्या शेतात जावंच लागतं. चिकोडी-रायबागकडं उसाचा हंगाम. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, चैत्रात जोतिबा, आषाढात वारी, मग गणपती, दिवाळी, आणि तिच्या माहेर-सासरच्या गावची लक्ष्मीची जत्रा. या दिवशी ती येणार नाही, आणि तिनं यावं असा आग्रहही धरू नये.

म्हणून पहिल्या दिवसापासून दुसरी बाई ओळखीची करून ठेवा. नुसता नंबर नव्हे: तिनं महिन्यातून दोन दिवस पगारी येऊन काम करायचं, म्हणजे आज्जींना तिचा चेहरा आणि तिला घर माहीत राहतं. पहिल्या बाईची बहीण, जाऊ किंवा शेजारीण असली तर दोघी आपसांत पाळी सांभाळतात. महिन्याचे हे दोन दिवस जास्तीचा खर्च वाटतो. पण ऐन पावसात बाई आली नाही आणि मुलाला पुण्याहून सहा-सात तासांचा प्रवास करून यावं लागलं, तर तो एका फेरीचा खर्च किती होतो ते मांडून बघा.

अडचणीच्या वेळेचा कागद

फोनजवळ जाड अक्षरांत: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७. त्याखाली गल्लीत गाडी असलेल्या दोन माणसांचे नंबर, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, हॉस्पिटलची फाईल कुठल्या कपाटात. घराचा पत्ता जवळच्या खुणेसह, आणि तो कानडीतही लिहा. १०८ ला फोन लावल्यावर पलीकडून बहुधा कानडीच येतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेव्हा शब्द सुचत नाहीत. "अज्जी बिद्दारे, बेग बर्री", म्हणजे आज्जी पडल्यात, लवकर या, एवढं वाक्य मराठी बाईकडून आणि आजोबांकडूनही पाठ करून घ्या.

पडल्यावर लगेच ओढून उठवायचं नाही. शुद्ध आहे का, डोकं आपटलं का, पाय हलतो का हे बघायचं. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, खुब्यात कळ असली, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असून डोक्याला मार लागला, तर हलवू नका, १०८. तोंड एका बाजूला वाकडं, हात उचलेना, बोलणं जड झालं तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि तेव्हाच फोन. ती वेळ हॉस्पिटलात सगळ्यांत आधी विचारली जाते.

लांबून लक्ष ठेवणं

कॅमेरा लावायचा तर बाईला सांगून, सोप्यात आणि स्वयंपाकघरात. न्हाणीत आणि कपडे बदलायच्या जागी कधीच नाही. रोज कॅमेऱ्यातून "ते असं का केलं" विचारत बसण्यापेक्षा ठरलेल्या वेळी रोज दहा मिनिटं व्हिडिओवर आज्जींशीच बोला, आणि आठवड्यातून एकदा बाईला एकटीला विचारा, "काय अवघड जातंय?"

दंडावर बोटांचे व्रण, अचानक उतरलेलं वजन, बाई आली की आज्जींचं गप्प होणं, बाईकडून किरकोळ पैशांची सारखी मागणी, यातलं काही दिसलं तर थेट आरोप न करता एका दिवसासाठी न सांगता घरी या. तसंच उलटंही बघा: विसराळूपणामुळे आजोबा अंगचटीला येत असतील, शिव्या देत असतील, तर बाईनं ते सहन करावं अशी अपेक्षा ठेवू नका. पुरुष मदतनीस लावा आणि डॉक्टरांना सांगा.

बँकेची कामं बाईकडे देऊ नका. एटीएमचं कार्ड आणि पिन तर मुळीच नाही. ७० वर्षांवरच्यांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, आपल्या शाखेत तशी लेखी मागणी करा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचा पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन तो करतो. अंगठ्याची रेषा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवूनही दाखला काढता येतो.

भावंडांत खर्चाची वाटणी बाई ठेवण्याआधीच लिहून घ्या: कोण पैसे देणार, कोण सुट्टीच्या दिवशी येऊन राहणार. राहायला येणाऱ्याचे दिवसही पैशातच मोजा, नाहीतर बेळगावातच राहणाऱ्या लेकीवर सगळं पडतं आणि त्याची कुठंच नोंद होत नाही. मुलं अजिबात हात वर करत असतील तर आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली आई-वडील स्वतः प्रांताधिकाऱ्यांसमोर निर्वाहाचा अर्ज करू शकतात. तिथं वकील लागत नाही.

तीन महिने झाले, किंवा मधे एखादं हॉस्पिटलचं राहणं झालं, की तीन दिवसांची वही पुन्हा काढा. रात्रीची उठणी वाढलेली दिसली, आंघोळीला चाळीसऐवजी सत्तर मिनिटं लागायला लागली, तर तास आणि पगार त्याच आठवड्यात बदला, बाईनं तोंड उघडून मागायच्या आधी.